खाडीला चौपाटी नको, वाट द्या

गेल्या उन्हाळ्यात नेरुळच्या आमच्या सोसायटीची बैठक पार्किंगवरून सुरू झाली आणि खाडीवर येऊन अडली. पाम बीच रस्त्याच्या पलीकडे, कांदळवनाच्या कडेने, 'जुहूसारखी' चौपाटी व्हावी असं निवेदन कोणीतरी सह्यांसाठी फिरवलं होतं. निम्म्या लोकांनी लगेच सही केली. उरलेल्यांपैकी काहींनी सही करणाऱ्यांना निसर्गाचे वैरी ठरवलं, मग सही करणाऱ्यांनी त्यांना विकासाचे वैरी ठरवलं. तासभर हेच चाललं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अठरा वर्षं झाली इथे राहायला येऊन. खाडी खिडकीतून रोज दिसते. पण पाण्यापाशी जायचं कुठून, ते मला अजून कळलेलं नाही." त्यांना कोणीच उत्तर दिलं नाही, कारण दोन्ही बाजूंकडे ते नव्हतं.

हाच वाद ठाण्यात ऐकू येतो, वाशीत येतो, घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या टॉवरांमध्येही येतो, आणि सगळीकडे तो सारखाच चुकीच्या रस्त्याने जातो. एका बाजूला खाडी म्हणजे वाया गेलेला समुद्र वाटतो, दुसरीला ती काचेआड ठेवायची वस्तू वाटते. माझं मत आधीच सांगते. ठाण्याच्या खाडीवर बीच होऊ शकत नाही आणि तो करायचा खटाटोपही करू नये. पण खाडीभोवती कुंपण घालून माणसांना लांब ठेवणं हेही तितकंच चूक आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांना पाण्यापर्यंत नेणारी साधी, फुकट, सार्वजनिक वाट हवी आहे, आणि त्या वाटेच्या टोकाला ज्यात पाय बुडवायची भीती वाटणार नाही असं पाणी.

बीच का होणार नाही, हे आधी बघू. वाळूचा किनारा लाटांनी बनतो. उघड्या समुद्रावरून येणारी लाट आपटते, बारीक गाळ उचलून परत नेते आणि जड वाळू मागे ठेवते. खाडीत अशी लाट येत नाही. सव्वीस किलोमीटर लांबीची आपली खाडी ठाण्याकडे अरुंद होत जाते. भरतीचं पाणी संथपणे आत येतं, तिथे क्षणभर थबकतं आणि सोबत आणलेला गाळ खाली सोडून निघून जातं. म्हणून इथे चिखल आहे, म्हणून तिवर, म्हणजे कांदळवनाची झाडं आहेत, म्हणून निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे), चिंबोऱ्या आणि खुबे आहेत. या किनाऱ्यावर बाहेरून आणून वाळू ओतली, तरी प्रत्येक भरती तिच्यावर गाळाचा एकेक थर चढवणार. काही वर्षांनी खाली पुरलेली वाळू आणि वर तोच चिखल, एवढंच हाती राहील. मधल्या काळात ज्या तिवरांनी काठ धरून ठेवला होता ती मात्र तुटलेली असतील.

खाडीत वाळू नव्हतीच असं नाही. मुंब्रा, कळवा, कशेळी या पट्ट्यात रेती बंदरं होती. माणसं होडीतून जायची, बादली घेऊन तळाशी बुडी मारायची आणि रेती भरून वर यायची. हातपाटीची रेती म्हणायचे तिला. पुढे सक्शन पंप आले आणि बुडी मारणाऱ्यांच्या शंभर खेपांचं काम एका दिवसात होऊ लागलं. ती रेती गेली कुठे? ठाणे, मुंबई आणि नवी मुंबईच्या स्लॅबमध्ये. ज्या घराच्या बाल्कनीत बसून आपण बीच मागतो, त्याच्या भिंतीत त्या खाडीचा तळ आहे. रेती पाण्याबरोबर वाहत आलेली असते. ती तळातून काढली, वरच्या नद्यांवर धरणं बांधली, की नवी यायला फार वेळ लागतो. किनारा हा एक हिशेब असतो. वाळू येते किती आणि जाते किती, यावर तो जगतो किंवा मरतो. सजावटीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

यावर समोरून येणारा मुद्दा हलका नाही. माणसाने बनवलेले किनारे जगात आहेत की! चेन्नईचा मरीना बघा. आज देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या किनाऱ्यांपैकी एक. तो इतका रुंद झाला तो मद्रास बंदरामुळे. १८७० च्या दशकात बंदराच्या भिंती समुद्रात घालायला घेतल्या. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकूण दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. भिंत आडवी आल्यावर ती दक्षिणेला साचत गेली आणि १८८० च्या दशकात गव्हर्नर ग्रँट डफने तिथे फिरायचा रस्ता करून त्याला मरीना हे नाव दिलं. म्हणजे माणसाच्या हाताने बीच होतो, हे मान्य. पण त्याच भिंतीच्या उत्तरेला काय झालं तेही सांगितलं पाहिजे. जी वाळू मरीनावर साचली ती उत्तरेच्या रोयापुरमकडे पोचलीच नाही. तिथे समुद्र आत घुसत गेला आणि कोळ्यांच्या वस्त्यांपुढे दगड टाकायची वेळ आली. पुदुच्चेरीत हीच गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडली. १९८९ मध्ये बंदर झालं आणि त्याच्या उत्तरेला असलेल्या शहरासमोरचा वाळूचा किनारा धुपून गेला. एका पिढीने तिथे वाळूऐवजी काळ्या दगडांची भिंत पाहिली. २०१८ च्या सुमारास पाण्याखाली कृत्रिम अडथळा बसवला तेव्हा थोडी वाळू परत आली. किनारा एका ठिकाणी घडवला की दुसरीकडे कोणीतरी तो गमावतो, आणि तो कोण असतो हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याच्या घराला समुद्राकडे दार आहे तो.

दुसरा मुद्दा मरीन ड्राइव्हचा. "तोही भरावावरच आहे ना? मग आम्हालाच का अडवता?" खरं आहे, तो भरावावर आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण त्या भरावाचा, म्हणजे बॅकबे योजनेचा, इतिहास आपण अर्धाच सांगतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ती योजना रेटली गेली, खर्च हाताबाहेर गेला, ठरवलेल्या जमिनीच्या निम्मीही भरून झाली नाही, आणि खुर्शेद नरिमन यांनी तिच्यातला गोंधळ चव्हाट्यावर आणला. गव्हर्नर लॉइडच्या नावाने लोक तिला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. ज्यांचं नाव आज नरिमन पॉइंटला आहे ते त्या भरावाचे टीकाकार होते, हे तिथून चालणाऱ्या कितीजणांना माहीत असेल? आणि मरीन ड्राइव्ह लोकांचा झाला तो भरावामुळे नव्हे. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला एकही बंगला, एकही हॉटेल, एकही फाटक उभं राहिलं नाही, म्हणून झाला. तो कट्टा बिनभाड्याचा आहे. त्यातलं अनुकरण करण्यासारखं हे आहे.

आता सगळ्यात भारी मुद्दा, जो चौपाटी मागणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि ज्याला पर्यावरणवाल्यांनी आजवर नीट उत्तर दिलेलं नाही. या शहरांत माणसं खुराड्यात राहतात. वन रूम किचनमध्ये पाच जण, त्यात एक बारावीचा आणि एक आजारी. कळव्याच्या, दिघ्याच्या, तुर्भे स्टोअरच्या घरात संध्याकाळी जीव गुदमरतो. त्या माणसाला उघडं आकाश आणि थोडं पाणी हवं असतं, ही चैन नाही. नेरुळहून जुहूला जायचं तर हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून विलेपार्ले, मग रिक्षा किंवा बस. लेकरांना घेऊन जाण्यायेण्यातच सुट्टी संपते. त्याला "खाडी नाजूक आहे, तुम्ही येऊ नका" असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा खाडीकडे तोंड असलेल्या दोन बेडरूमच्या घरातून बोलत असतो. हा विरोधाभास मला माझ्या बाजूच्या लोकांत दिसतो आणि टोचतो. पाण्याकडे बघायचा हक्क ज्याने चौरस फुटाच्या दराने विकत घेतला, त्याने इतरांना निसर्गाचे धडे द्यावेत का?

पण मग ही भूक कशाने भागते? गिरगाव चौपाटीच घ्या. तिथली वाळू विशेष नाही, पाणी पोहण्यासारखं नाही. तरी ती मुंबईची आहे. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार त्या वाळूवर झाले. तिथे सभा झाल्या, तिथे दरवर्षी गणपती बोळवले जातात, तिथे पावसाळ्याच्या आधी नवं लग्न झालेली जोडपी भेळ खातात आणि म्हातारी माणसं पाठीला पाठ लावून बसतात. तिकीट नाही, वेळेचं बंधन जवळजवळ नाही, स्टेशन हाकेच्या अंतरावर. ठाण्याला तर याचं उदाहरण शोधायला मुंबईला जायचीही गरज नाही. तलावपाळीला वाळूचा कण नाही. मासुंदा तलावाभोवती एक कठडा, एक फूटपाथ, शेजारी कोपिनेश्वराचं देऊळ, पाण्यात होड्या. दिवाळीच्या पहाटे तिथे पाय ठेवायला जागा नसते. ठाणेकरांनी आपली चौपाटी कधीच शोधून काढली आहे, आणि तिला चौपाटी म्हणावं असंही त्यांना वाटलं नाही. मासुंद्याचा काठ लोकांना जे देतो ते खाडीचा काठ का देऊ शकत नाही?

रिसॉर्ट, फूड कोर्ट, वॉटर स्पोर्ट्स यांची स्वप्नं ज्यांना पडतात त्यांनी ओस पडलेले किनारे बघावेत. त्यांत एकाचं नाव आपल्याला चटका लावणारं आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात, वाळवंटाच्या मधोमध, बॉम्बे बीच नावाचं गाव आहे. ते सॉल्टन सी नावाच्या मोठ्या खाऱ्या तळ्याच्या काठावर वसलं. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी सिंचनाच्या कालव्याचा काठ फोडून एका खोलगट खोऱ्यात घुसलं आणि जवळपास दोन वर्षं घुसत राहिलं. त्यातून हे तळं झालं. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे सुट्टीची ठिकाणं उभी राहिली. होड्यांच्या शर्यती, मासेमारी, मोटेल, प्लॉटची विक्री. सॉल्टन सिटीचे रस्ते आखले गेले, त्यांना नावंही दिली गेली, आणि पुष्कळ रस्त्यांवर घर कधी आलंच नाही. कारण त्या तळ्याला बाहेर जायला वाट नव्हती. आजूबाजूच्या शेतांतून खतं आणि मीठ घेऊन पाणी आत यायचं, ऊन लागून उडून जायचं, आणि मीठ तेवढं मागे राहायचं. तळं समुद्रापेक्षा खारट झालं. शेवाळ माजलं, पाण्यातला प्राणवायू संपला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात लाखो मासे मेले. किनाऱ्यावर वाळूसारखं जे दिसतं त्यात माशांची हाडं आणि शंखांचा चुरा आहे. वास मैलोगणती जातो. पक्षी अजून येतात, पाहुणे फारसे येत नाहीत.

आपल्या खाडीला भरती-ओहोटी आहे, सॉल्टनला ती नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. खाडी रोज दोनदा श्वास घेते, म्हणून ती अजून जिवंत आहे. पण आपण तिच्याशी वागतो कसं? ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकापासून तिच्या काठावर आहे. नाले तिच्यात उतरतात. ठाण्याकडच्या अरुंद टोकाला पाण्याची अदलाबदल कमी होते आणि तिथेच गाळ वाढत चालला आहे. अशा पाण्याकाठी पन्नास दुकानांचा फूड कोर्ट उभारला, तर त्याचं सांडपाणी तरी कुठे जाणार? बॉम्बे बीच मेलं ते सजावट कमी पडली म्हणून नव्हे. पाण्यात काय सोडलं जातं याकडे कोणी बघितलं नाही, म्हणून मेलं.

किनारी गावं मरायची इतर कारणंही आहेत. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूल, मार्गेट ही कामगारांच्या सुट्टीची गावं रेल्वेने वाढवली, आणि स्पेनला जाणाऱ्या स्वस्त विमानांनी १९७० नंतर ती रिकामी केली. ब्रायटनचा वेस्ट पिअर १८६६ मध्ये उघडला, १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये जळाला. आज समुद्रात त्याचा लोखंडी सांगाडा उभा आहे. सायप्रसमधलं वरोशा १९७४ च्या ऑगस्टमध्ये युद्धामुळे रिकामं झालं आणि त्याच्या हॉटेलांच्या रांगा शेहेचाळीस वर्षं कुंपणाआड राहिल्या. २०२० मध्ये त्यातला थोडा भाग उघडला. धनुष्कोडी हे तर बंदर आणि तीर्थ. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळाने ते एका रात्रीत पुसलं. स्टेशन गेलं, चर्चच्या भिंती उरल्या, सरकारने गाव राहायला अयोग्य ठरवलं. तरी कोळी तिथे राहिलेच, आजही आहेत. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाहुण्यांच्या भरवशावर उभा राहिलेला किनारा पाहुणे गेले की संपतो, आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे ते वादळानंतरही परत येतात. मग किनाऱ्याची योजना करताना पहिली खुर्ची कोणाला द्यायची?

आपल्याकडे ती कोळ्यांना क्वचितच मिळाली. चेंदणी, कोलशेत, दिवे, घणसोली, वाशी, सारसोळे, करावे, दिवाळे, बेलापूर: ही गावं शहराच्या आधीची आहेत. इथल्या माणसांना उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यातला फरक पंचांग न बघता कळतो. बोय कधी आत येते, जिताडा कुठे बसतो, कोणत्या नाल्याजवळचं कालव आता खायचं नाही, हे ते सांगतात. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी आपली रोजी बुडते म्हणून मच्छीमारांना उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना भरपाईचा हक्क असल्याचं सांगितलं. चौपाटीचं चित्र काढणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर पांढऱ्या छत्र्या असतात, सायकलवाली मुलं असतात. पाग टाकणारा माणूस त्यात मला कधी दिसला नाही.

"पण पर्यटनाने त्यांनाच रोजगार मिळेल," असं म्हणतात. नागाव, किहीम, केळव्यात मिळालाच आहे. वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन, सकाळी घावन आणि दुपारी माशाचं ताट वाढून तिथल्या घरांनी मुलं शिकवली. मला त्या घरांबद्दल आदर आहे. पण तिथे जमीन त्यांची, वाडी त्यांची, चूल त्यांची. इथे काठावर त्यांच्या नावाची जागा उरली आहे कुठे? निविदा निघेल, अनामत रक्कम लाखांत असेल, आणि कोळीवाड्यातला मुलगा त्या फूड कोर्टात टेबलं पुसायला लागेल. त्यापेक्षा ऐरोलीचं उदाहरण मला पटतं. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत नेऊन रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवतात. वाळू नाही, भराव नाही. होडी चालवायची विद्या इथल्या माणसांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. असे धक्के प्रत्येक कोळीवाड्यात का होऊ नयेत, आधी मासेमारीसाठी आणि मग हंगामात पाहुण्यांसाठी, तिकिटाचे पैसे गावच्या सोसायटीकडे?

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं बोलते. कायदा आपल्या मागे आहे, हे खरं. १९९१ ची किनारी नियमन अधिसूचना, नंतरच्या सुधारणा, कांदळवनाबद्दलचे उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ चे आदेश, २०१५ मध्ये जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मिळालेला रामसर दर्जा. हे नसतं तर आज वाद घालायला खाडी उरली नसती. पण आपण रोहित पक्ष्याला खाडीच्या आरोग्याचा दाखला करून टाकला आहे आणि ते बरोबर नाही. धाकटा रोहित शेवाळावर जगतो, आणि शहराच्या सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं ते शेवाळ वाढवतात. गुलाबी थवे बघून पाणी छान आहे असं म्हणणं म्हणजे उकिरड्यावर गाई दिसल्या म्हणून चारा मुबलक आहे असं म्हणण्यासारखं आहे. रोहित हवेतच. पण त्यांच्या फोटोमागे नाल्यांचा प्रश्न दडता कामा नये.

दुसरी चूक कुंपणाची. ज्या काठावर कोणी जात नाही तिथे रात्री डंपर जातो. डेब्रिज पडतं, तिवराच्या मुळांवर माती चढते, भरतीची वाट बुजते, आणि दोन वर्षांनी "इथे कांदळवन नव्हतंच" असं सांगायला कोणीतरी उभं राहतं. नेरुळला डीपीएस तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणथळीत २०२४ मध्ये भरतीचं पाणी यायची वाट बंद झाली, तळ कोरडा पडला, रोहित भरकटले आणि काही मेले. हे जगाला कसं कळलं? सकाळी तिथे चालायला जाणाऱ्यांनी आणि दुर्बीण घेऊन बसणाऱ्यांनी ओरड केली म्हणून. त्यांना तिथपर्यंत जायला वाट होती. वाट नसती तर ती पाणथळ गुपचूप मेली असती. येणारी-जाणारी माणसं हीच किनाऱ्याची पहिली राखण असते, हे आपण स्वतःच्या अनुभवातून शिकलो आहोत, मग ती माणसं वाढलेली का नकोत?

मी मागते ती वाट कशी असावी, यात गूढ काही नाही. कांदळवनाच्या बाहेरून, जिथे आधीच बांध किंवा रस्ता आहे तिथून, मातीची किंवा फळ्यांची पायवाट. कोळीवाड्याच्या धक्क्यापाशी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. स्वच्छतागृह, बसायला बाक, पक्ष्यांना त्रास होणार नाही इतपत मंद दिवे. बायकांना संध्याकाळी एकटं जाता येईल अशी वर्दळ. वाशीच्या मिनी सीशोअरला, सागर विहारला, घोडबंदरकडे गायमुखला लोक संध्याकाळी गर्दी करतात ते याच ओढीने. ती गर्दी मला चांगली वाटते. तिच्याकडे बोट दाखवून जो म्हणतो "बघा, लोकांना हवं आहे", त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्यावरून रिसॉर्टचा भराव मागतो तिथे तो घसरतो. नवी मुंबई तर सखल जमिनीवर, बांध घालून आणि धारण तलाव खोदून वसवलेलं शहर आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्या तलावांत थांबतं म्हणून आपली तळमजल्याची घरं कोरडी राहतात. त्या रचनेत काठावर नवा भराव टाकणं म्हणजे आपल्याच उंबऱ्याशी पाणी बोलावणं.

पैसा मात्र वाटेच्याही आधी नाल्यांवर खर्च झाला पाहिजे, आणि हे बोलायला दोन्ही बाजू कचरतात, कारण मलवाहिनीच्या उद्घाटनाला फुगे लावता येत नाहीत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोझ शाह आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी हातांनी कचरा उचलला, हजारो माणसं जोडली. ते काम मोठंच. पण नाल्यातून येणारं थांबलं नाही तर पुढच्या भरतीला तोच कचरा परत येतो, हे तिथे राबलेल्या कोणालाही विचारा. बीचला पैसे आहेत आणि सांडपाणी प्रकल्पाला नाहीत, असं उत्तर मिळालं तर ते उत्तर परत पाठवायला हवं.

आणि ज्यांना खरोखर वाळू हवी, लाट हवी, पायाखालून सरकणारी ओली रेती हवी त्यांचं काय? त्यांनाही ती मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी खाडी बुजवावी लागत नाही. ठाणे जिल्ह्याला मोठे समुद्रकिनारे होते: केळवा, अर्नाळा, डहाणू, बोर्डी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि ते नकाशावरून गेले. ठाण्याकडे उत्तनचा पट्टा तेवढा उरला. पण किनारे जागेवरच आहेत. नेरुळ आणि बेलापूरहून उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ पासून धावते. उरण स्टेशनवर उतरलं की पिरवाडीचा किनारा जवळ आहे. तो धुपतो आहे, हे दुखणं वेगळं आणि मोठं. आज आपण स्टेशनातून बाहेर पडून रिक्षावाल्याशी भावावर घासाघीस करतो. रविवारी त्या स्टेशनवरून दर वीस मिनिटांनी एक बस सोडा. एका बनावट बीचच्या खर्चात अशा बस किती वर्षं चालतील, हा हिशेब निवेदन फिरवणाऱ्यांनी मांडून बघावा. आणि पिरवाडीची धूप थांबवायला जे लागेल तेही त्याच पैशात बसतं का, तेही बघावं. असलेला किनारा जगवायचा की नसलेला बनवायचा, यात मला तरी निवडायला फार वेळ लागत नाही.

त्या बैठकीनंतर दोन आठवड्यांनी मी वहिनींना घेऊन सारसोळेच्या जेटीवर गेले. घरापासून वीस मिनिटांची चाल. त्यातली दहा मिनिटं आम्ही पाम बीच रस्ता ओलांडायला जागा शोधत होतो. ओहोटी लागली होती. चिखल लांबवर उघडा पडला होता आणि त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. वहिनींनी आधी त्यांना बेडूक म्हटलं, मग बराच वेळ वाकून बघत राहिल्या. जाळं उसवून बसलेल्या एका काकांना त्यांनी विचारलं, "पाणी कधी असतं इथे?" काकांनी वर न बघता सांगितलं, "आज साडेतीनला भरलं होतं. उद्या सव्वाचारच्या सुमाराला या." दुसऱ्या दिवशी वहिनी नातवाला घेऊन चारला खाली उतरल्या आणि माझी बेल वाजवली.